पप्पांची थंड गाडी

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. काही बघायचं असेल तर बॉनेट नाही, सीट उचलावी लागते. पूर्वी पुढे बसलं की सीट खालून तापायची आणि उन्हाळ्यात पप्पा तिच्यावर चादरीची घडी टाकायचे. मधे केव्हातरी ती तापायची बंद झाली. गाडीच्या तापमानाचा काटाही अगदी खाली पडून राहायला लागला. पप्पांना याचं मोठं कौतुक होतं. मांडव्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत उभे असलेले बाकीचे ड्रायव्हर उन्हाने वैतागले की पप्पा त्यांना बोलवायचे, "ये, माज्या गाडीत बस. एसी न्हाय, पन बुडाखाली थंड हाय."

गणपतीनंतर मी कॉलेजातून घरी नागावला आले तेव्हा ही थंड गाडी पीयूसीला नापास झालेली होती.

आमची गाडी पिवळ्या पाटीची आहे, म्हणजे भाड्याने पाहुणे नेणारी. अशा गाडीचं ठरावीक मुदतीत पासिंग करून घ्यावं लागतं. त्यासाठी पेणच्या आरटीओत जायचं, आणि पेणला जायच्या आधी हातात पीयूसी हवं. धूर मर्यादेत नसेल तर पीयूसी नाही, पीयूसी नसेल तर पासिंग नाही, आणि पासिंग नसेल तर दिवाळीत पाहुण्यांनी नागाव भरलेलं असताना आमची गाडी माडाखाली उभी.

पण खरी काळजी वेगळीच होती. ही व्हॅन घेण्याआधी पप्पा बरीच वर्षं मुंबईच्या एका शेठच्या इथल्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. शेठ वाईट नव्हते. फक्त ते शनिवार-रविवारी यायचे, त्यामुळे माझ्या शाळेच्या एकाही पालकसभेला पप्पा आले नाहीत. सणासुदीला तर शेठ हमखास यायचे. व्हॅन घेतल्यावर पप्पा पहिल्यांदा दिवाळीच्या सकाळी आमच्याबरोबर फराळाला बसले. आता शेठचा नवा ड्रायव्हर सोडून गेला होता आणि त्यांचा फोन आला होता की जुनी गाडी भंगारात काढ आणि परत माझ्याकडे ये. पप्पांनी सांगितलं होतं, पासिंगचं बघतो नि कळवतो. एवढं एकच वाक्य. पण तेव्हापासून ते जेवताना बोलत नव्हते, असं आई म्हणाली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यात मेकॅनिकलला. त्यामुळे मला गाडी दुरुस्त करता येते असं घरच्यांनी धरून चाललेलं आहे. मी आजवर हात लावलेलं इंजिन म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं, मधोमध कापून लाल-निळ्या रंगात रंगवलेलं. ते कधी चालू होत नाही, त्यामुळे बिघडतही नाही. हे मी आईला सांगून पाहिलं.

"मग चांगलंच की," आई म्हणाली. "आतून पायलंयस तरी. आमी तेवडं पन न्हाय पायलं."

दुसऱ्या दिवशी मी पप्पांबरोबर अलिबागला पीयूसीच्या केंद्रावर गेले. पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात एक केबिन, आत संगणक आणि धुराचं यंत्र. तिथला मुलगा माझ्याच वयाचा असेल. त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"काका, मागच्या वेळेपेक्षा वाईट आहे. गाडी रिच चाललीये."

"चांगली रिच हाय," पप्पा म्हणाले. "मालक सोडून सगळे रिच."

मुलगा हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, सायलेन्सरला बोट लावून बघा."

मी लावलं. काजळासारखी कोरडी काळी पूड बोटाला आली. रिच म्हणजे काय हे मला पुस्तकातून माहीत होतं. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. सगळं जळत नाही, उरलेलं काजळी होऊन आणि विषारी वायू होऊन बाहेर पडतं. पण गाडीमागे उभं राहिल्यावर डोळे इतके चुरचुरतात हे पुस्तकात नव्हतं.

आता कारण शोधायचं होतं. फिटरकाकांनी आपल्या परीने बरंच करून झालं होतं. फिटरकाका म्हणजे पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचं गॅरेज आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर आहे. त्यांनी प्लग बदलले होते, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले होते. आता ते सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर बदलू म्हणत होते. तो मुंबईहून मागवावा लागणार होता आणि तोच खराब आहे याची त्यांना खात्री नव्हती. मला तर कशाचीच नव्हती.

मी सोप्यापासून सुरुवात केली. एअर फिल्टर काढून झटकला, तर त्यातून समुद्राकाठची बारीक वाळू पडली. मला वाटलं, सापडलं. हवा अडली म्हणून पेट्रोल जास्त. नवा फिल्टर टाकला. पप्पांनी गाडी पीयूसीला नेली आणि तशीच परत आणली. प्लग काढून पाहिले. नवेच होते, तरी काळे झाले होते. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाची रबरी नळी काढून हुंगली. तिच्यात पेट्रोल आलेलं असतं तर तो भाग फाटलाय असं समजायचं. नळी कोरडी होती. कॉलेजातल्या मैत्रिणीने तिच्या भावाचा, गाडीतले बिघाड वाचणारा छोटा स्कॅनर दिला होता, पण आमची गाडी इतकी जुनी की ती त्याच्याशी बोलायलाच तयार झाली नाही.

माझी मजल इथपर्यंतच. रात्री जेवताना मी पप्पांना विचारलं, "कधी बरी चालते का ती?"

पप्पांनी विचार केला. "शनवारी बरी चालते."

"शनिवारी म्हणजे?"

"पाव्हणे येतात ना. चोंढीपासून अलिबागपर्यंत गाड्यांची रांग. मुंगीसारखी चालते गाडी. पन तेवा वास येत न्हाय. मंगळवारी मोकळा रस्ता, मस्त पळवली, की उतरल्यावर पेट्रोलचा भपका."

"तिला पन गर्दी आवडते," आई म्हणाली. "तुमच्यावर गेलीय."

मला हे उलटं वाटलं. गर्दीत गाडी जास्त बिघडायला हवी. मग वाटलं, गर्दीत आणि मोकळ्या रस्त्यात फरक कशाचा? वाऱ्याचा. गाडी उभी असली की रेडिएटरला वारा लागत नाही आणि इंजिन तापतं. पळाली की वाऱ्याने गार होतं. म्हणजे आमची गाडी तापल्यावर बरी चालत होती.

इंजिनातलं पाणी किती गरम आहे हे सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. इंजिन गार आहे असं त्याने सांगितलं की गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो. सकाळी गाडी सुरू करताना ते बरोबरच असतं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पण सेन्सर बिघडला आणि गरम इंजिनालाही गार म्हणत राहिला, तर पेट्रोल जास्तच येत राहणार. सेन्सर खोटं बोलतोय, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पप्पा मांडव्याला एक फेरी मारून आले. ही फेरी त्यांनी ओळखीतल्या एका आजीला बोटीवर सोडायला, भाडं न घेता मारली होती. गाडी बंद करताच मी सीट उचलून सेन्सरची वायर काढली आणि विजेचा अडथळा मोजणारा मल्टिमीटर लावला. आकडा मोठा आला. सेन्सर जितका गार, तितका आकडा मोठा. माझ्या मनासारखंच झालं.

गाडी निवल्यावर सेन्सर खोलला आणि स्वयंपाकघरात नेला. खरं-खोटं करायचा मार्ग सोपा होता, त्याला खरोखर गरम पाण्यात बुडवायचं. आई एका होमस्टेत स्वयंपाक करते, ती नुकतीच तिथून आली होती. तिने माझ्या हातातली वस्तू पाहिली, मग शेगडीवरचा टोप पाहिला.

"काय शिजवतेस गो?"

"सेन्सर."

"त्यात मीठ घालू का?"

मी आधी नळाच्या पाण्यात आकडा घेतला. मग पाणी हात घालवेल एवढं कोमट झाल्यावर. मग उकळल्यावर. पाणी तापेल तसा आकडा भराभर उतरत गेला. उकळत्या पाण्यात तो अगदी लहान झाला. सेन्सर ठणठणीत होता.

मी मांडव्याहून आलेल्या गाडीत घेतलेला आकडा पुन्हा आठवला. तो कोमट पाण्याच्या आकड्याजवळ होता. मला जरा वेळ लागला, मग समजलं. सेन्सर खोटं बोलत नव्हता. इतकी पळून आलेल्या गाडीच्या इंजिनात खरोखरच अंघोळीचं पाणी होतं.

"झालं?" आईने विचारलं.

"हो."

"मग त्या टोपात आता डाळ टाकायची न्हाय. तो तुझ्या गाडीलाच ठेव."

इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व असतो, थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत तो बंद राहतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. नीट तापलं की उघडतो. तो नसेल किंवा उघडाच राहिला असेल तर पाणी पहिल्यापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन तापतच नाही. कॉलेजच्या त्या कापलेल्या इंजिनात हा व्हॉल्व पिवळा रंगवलेला आहे. मी त्याच्यावर तोंडी परीक्षेत उत्तरही दिलं होतं. आणि तरी इतके दिवस तळाला पडलेल्या काट्याकडे बघून मलाही बरंच वाटत आलं होतं.

संध्याकाळी आम्ही फिटरकाकांकडे गेलो. गॅरेजच्या मागच्या भिंतीला खिळ्यांवर एक तार ताणलेली होती आणि तिच्यात बोंबील वाळत घालावेत तसे जुने थर्मोस्टॅट ओवलेले होते. मी यापूर्वी ती तार कितीदा पाहिली असेल, पण ते काय आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"काका, आमच्या गाडीचा व्हॉल्व यात आहे का?"

"असंल," काका म्हणाले. "आपल्याकडं कोनच्याच गाडीत ठेवत न्हाय. इथं काय काश्मीर हाय? गाडी तापली की पयला व्हॉल्व काढायचा. कटकट गेली."

मी घाबरत घाबरतच सांगितलं. शनिवारची गोष्ट, टोपातला सेन्सर, कोमट पाणी. ओली लाकडं घातलेल्या चुलीसारखं झालंय, असं काहीतरी मी म्हटलं. नीट पेटत नाही आणि धूरच जास्त. काका शांतपणे ऐकत होते. मग पप्पांना म्हणाले, "कालिजात गाडी तापवायला शिकवतात काय रं? आमी आयुष्यभर थंड करत आलो."

"तिचं ऐक तरी," पप्पा म्हणाले.

"ऐकतोय की. म्हंजे चूक माजी, असं म्हनतेय ती."

"नाही काका," मी म्हणाले. "तुम्ही काढला तेव्हा तो बंद स्थितीत अडकला असेल, म्हणून गाडी तापली. तेव्हा काढणं बरोबरच होतं. फक्त नवा बसवायचा राहून गेला."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. ते पप्पांकडे बघत होते.

"राह्यला न्हाय," पप्पा म्हणाले. "यानं नवा आनला होता. मीच बसवू न्हाय दिला."

पेणच्या रस्त्यावरच्या कार्लेखिंडीत गाडी तापल्याची गोष्ट मला माहीत होती, पण एवढीच की गाडी तापली. पप्पांनी बाकीची तेव्हा गॅरेजात, टायरवर बसून सांगितली. गाडीत एक कुटुंब होतं, चिमुरड्या मुलीसकट. चढावर वाफ यायला लागली. इंजिन सीटखालीच, त्यामुळे वाफ थेट गाडीच्या आत. पप्पा खाली उतरले आणि घाईत त्यांनी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी उडालं. ते पप्पांच्या दंडावर पडलं, पण ती मुलगी तिथून हातभरच लांब उभी होती. तिच्या बापाने तिला मागे ओढलं आणि पप्पांना जे बोलायचं ते बोलला. दंडावरचा डाग आम्ही पाहिला होता. चहा सांडला, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

"त्या दिवशी ठरवलं, काटा पुन्ना वर न्हाय जायचा," ते म्हणाले. "धूर आला तर आला. वाफ नको."

माझ्याकडे सेन्सरचे आकडे होते, पण त्यांचा इथे उपयोग नव्हता. गॅरेजबाहेरून एक घोडागाडी बीचकडे गेली. शेवटी काकाच उठले आणि कपाटावरून एक धुळकट खोका काढून आणला. त्यात तो तेव्हाचा नवा व्हॉल्व होता.

"शेटची गाडी चालवताना काटा कुटं असायचा रं?" काकांनी विचारलं.

"मदे."

"भ्यायचास काय?"

"ती शेटची होती."

"मग आता सोताच्या गाडीला भितोस व्हय?"

पप्पा हसले नाहीत. "बसव," ते म्हणाले. "पन आधी खिंड चडून दाखव. तू बाजूला बस. तापली तर तुज्याच डोक्यावर झाकन उघडीन."

काकांनी सकाळी व्हॉल्व बसवला, रेडिएटर धुऊन काढला, पंखा आपोआप सुरू होतो की नाही ते दोनदा तपासलं. बसवण्याआधी मी तो व्हॉल्व आईच्या त्याच टोपात उकळून उघडतो का पाहिला होता. उघडला. मग आम्ही तिघे निघालो. काकांनी पाण्याचे दोन कॅन मागे माझ्या पायाशी ठेवले.

अलिबाग सोडेपर्यंत काटा निम्म्याच्या जवळ आला होता. पप्पांचं रस्त्यापेक्षा तिकडेच जास्त लक्ष होतं.

"पुढं बघ," काका म्हणाले. "काट्याला मी बघतो."

खिंडीचा चढ लागला तसा पप्पांनी गिअर खाली टाकला. काटा मधे आला आणि मधेच राहिला. एका वळणावर पंखा मोठ्याने घरघरायला लागला आणि पप्पांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. त्यांनी उतरून रेडिएटरसमोर हात धरला. झाकणाला मात्र हात लावला नाही. काका आत बसूनच राहिले. "पंखा हाय तो," ते खिडकीतून म्हणाले, "तुजी आत्या न्हाय. गरज पडली की येतो, काम झालं की जातो." थोड्या वेळाने पंखा थांबला. पप्पा परत गाडीत बसले आणि आम्ही वर गेलो. माथ्यावर ते थांबले नाहीत. पोयनाडपर्यंत जाऊन मग गाडी वळवली.

परत येताना पुढची सीट तापली होती. काका सारखे बूड उचलत होते, पण तक्रार करायची त्यांना सोय नव्हती.

काजळी लगेच गेली नाही. पप्पांनी एक-दोन दिवस गाडी मोकळ्या रस्त्यावर रेवदंड्यापर्यंत पळवून आणली. मग आम्ही पीयूसीला गेलो. त्या मुलाने नळी घातली, पडदा पाहिला, नळी काढून परत घातली.

"काय बदललंत?" त्याने विचारलं.

"गरम केली," पप्पा म्हणाले.

आकडा मर्यादेच्या आत होता. फार आत नव्हता. जुनी गाडी आहे, इतके दिवस काजळी खाल्लेला सायलेन्सर आहे. आणखी एक-दोन वर्षांनी काय होईल मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी यंत्रातून कागद आला आणि पप्पांनी तो घडी न घालता दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत नेला.

पेणला पासिंगच्या दिवशी मीही गेले. तिथल्या साहेबांनी दिवे, ब्रेक, हॉर्न, सगळं पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं, एक वायपर बदलायला लावला. दुपारपर्यंत काम झालं. पप्पांनी बाहेर येऊन शेठना फोन लावला. मी जरा लांब उभी होते, तरी ऐकू आलं. "न्हाय शेट, जमनार न्हाय. गाडी पास झाली." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "हो, माजीच," पप्पा म्हणाले.

जेवून आम्ही पेणच्या एसटी स्टँडजवळ चहा घेत होतो. तिथे एक मोठं कुटुंब बॅगा घेऊन उभं होतं. त्यांची ठरवलेली गाडी आलीच नव्हती. त्यांच्यातल्या एका बाईंनी आमची पिवळी पाटी पाहून विचारलं, "दादा, नागावला येणार का?"

पप्पांनी चहाचा कप तसाच ठेवला. "येनार ना. तिकडचाच हाय मी."

बॅगा मागे गेल्या, आजोबा पुढे बसले, मुलं मांडीवर बसली. मी दार धरून उभी होते आणि आत कुठेही जागा उरलेली नव्हती. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"तू एसटीनं ये," ते म्हणाले. "आईला फोन करून सांग, मी पोचेन तुज्या आधी."

आणि चहाचे पैसे मी द्यायचे आहेत, असं खुणेने सांगून ते गेले. मी दोन्ही कप टपरीवाल्याला दिले आणि अलिबागची गाडी कुठे लागते ते विचारलं.